प्रधान बाईंचा शेवटचा सारांश

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडतं तोवर आमच्या भिवंडीजवळच्या कोन गावाकडच्या उरल्यासुरल्या शेतांत भातकापणी झालेली असते. रस्त्याच्या एका कडेला कंटेनरची रांग आणि दुसऱ्या कडेला पिवळ्या, टोकदार धसकटांचं शेत. सकाळच्या दवाने ती धसकटं भिजली की त्यांचा एक ओलसर, किंचित आंबूस वास सुटतो. डिझेलच्या धुरातूनही तो नाकाला सापडतो. माझ्या आईच्या लेखी हा वाल पेरायचा हंगाम. माझ्या लेखी सारांशांचा.

भूगोल शिकवणाऱ्यांखेरीज हा हंगाम कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. परिषदा भरतात थंडीत, म्हणून त्यांची परिपत्रकं येतात आत्ता. ‘शोधनिबंधांचे सारांश मागवण्यात येत आहेत’, खाली शब्दमर्यादा, शेवटची तारीख आणि एक लिंक. वर्षभर पायाखाली घातलेला मुलूख तीनशे शब्दांत बसवायचा, लिंकवर चढवायचा, आणि मग स्वीकारल्याचं उत्तर येईपर्यंत ऊठसूट मेल उघडून बघत बसायचं. यंदाचं परिपत्रक काल आलं. मी ते वाचलं आणि सवयीने प्रधान बाईंना फोन लावायला गेले. नंबर काढलासुद्धा. मग फोन पालथा ठेवला आणि तासाला गेले. नदीचं खननकार्य शिकवत होते, मुलं लिहून घेत होती. मन मात्र काही वर्षांपूर्वीच्या एका हंगामात जाऊन बसलं होतं. तिथून ते अजून हललेलं नाही.

प्रधान बाई आधी माझ्या शिक्षिका, मग माझ्या विभागप्रमुख, आणि पुढे पुढे काय ते मला नीट सांगता यायचं नाही. मी कोनची, आगरी घरातली, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. बाई जुन्या भिवंडीतल्या, पिढ्यान्‌पिढ्या नोकरी करणाऱ्या घरातल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात लांब दांडीची काळी छत्री. ती छत्री पावसासाठी नव्हती. ती बारा महिने बरोबर असायची आणि तिच्या टोकाने बाई जग दाखवायच्या. आमच्या वर्गाला त्यांनी एकदा कॉलेजच्या मागच्या नाल्यावर उभं केलं आणि विचारलं, “हे पाणी कुठून आलं आणि कुठं चाललंय?” कुणीतरी म्हणालं, “बाई, गटार आहे ते.” झालं. सगळ्या वर्गाला त्या पाण्याच्या काठाकाठाने चालवत नेलं. रंगाईच्या कारखान्यांतून सुटलेलं ते निळं पाणी, पुढे येऊन मिळालेलं गुलाबी पाणी, दोन्ही मिसळून झालेला जांभळा काळोख, आणि सगळ्यात शेवटी ते सगळं गिळणारी खाडी. खाडीवर पोचलो तेव्हा आमच्या चपला चिखलाने भरल्या होत्या. बाई म्हणाल्या, “आता सांगा, गटार कशाला म्हणायचं?” मी भूगोल घ्यायचं त्या दिवशी ठरवलं.

सारांश लिहायलाही त्यांनीच शिकवलं. माझ्या पहिल्या सारांशात मी बुजलेल्या विहिरींबद्दल फार हळहळले होते. बाईंनी वाचून कागद परत दिला. “सारांशात अरेरे लिहायचं नाही, वनिता. काय होतं, काय आहे, मधे काय झालं, एवढं लिही. अरेरे वाचणारा म्हणेल.” तेव्हापासून दर हंगामाला आम्ही दोघी मिळून एक सारांश पाठवत आलो. त्या सांगायच्या, मी टाइप करायची, मग दोघी मिळून खोडायचो. स्टाफरूममध्ये लोक हसायचे, “भूगोलवाल्यांचा भात आला वाटतं कापायला!”

मी म्हणते तो हंगाम बाईंच्या नोकरीतला शेवटचा. एप्रिलात निवृत्ती होती. परिषद मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात होती आणि बाई त्या खेपेला फार उत्साहात होत्या. विषय त्यांच्या मनात कितीतरी वर्षं होता. खाडीलगतच्या गावांत गोदामांसाठी शेतांवर भराव पडले. मग पूर्वी त्या शेतांतून जाणारं पाणी आता जातं कुठून? त्यासाठी तीन गावं घेतली. कशेली, जिथे आता गोदामांशिवाय काही दिसत नाही. कोन, जिथे थोडं शेत उरलंय. आणि तालुक्याच्या आतल्या बाजूची दिघाशी, जिथे अजून भाताचे बांध जागच्या जागी आहेत. “तिन्ही गावं शेजारी शेजारी ठेवली की काळच दिसेल,” बाई म्हणाल्या, आणि लगेच स्वतःलाच दटावलं, “हे वाक्य नको. हे फार छान झालं.”

दिघाशीचा दिवस मला अजून लख्ख आठवतो. ऊन होतं, पण टोचणारं नव्हतं. खळ्यावर बायका भात झोडत होत्या, त्याची धूळ उन्हात सोनेरी होऊन तरंगत होती आणि घशात खवखवत होती. बाई बांधावरून चालत होत्या, छत्रीने दाखवत होत्या. हे पाणी या शेतातून त्या शेतात कुठून उतरतं, मोऱ्या कुठे ठेवल्यात, ओढा कुठे वळतो. एका बाईने आम्हाला नव्या तांदळाची भाकर आणि सुक्या जवळ्याची चटणी दिली. आम्ही ओढ्याकाठी बसून खाल्ली. बाईंनी पाण्यात पाय सोडले. त्या तशा कधी बसत नसत. म्हणाल्या, “निवृत्त झाले की दर आठवड्याला एकेक ओढा चालणार आहे मी. ह्यांना म्हटलं, तुम्ही यायचं तर या, नाहीतर डबा करून द्या.” आणि हसल्या. इतकं मोकळं हसणं मी त्यांच्या तोंडून फार वेळा ऐकलं नव्हतं. त्या दिवशी त्यांना सगळं येत होतं, सगळं आठवत होतं. मी पुष्कळदा तो दिवस पुन्हा पुन्हा मनात उलटवून पाहिलाय, कुठे काही फट दिसते का म्हणून. दिसत नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही कोनला आलो. माझ्याच घरी जेवायला थांबलो. आईने वालाचं बिरडं केलं होतं. जेवणं झाली, बाई ओट्यावर बसल्या आणि मी आत भांडी उचलत होते, तेवढ्यात आई माझ्या मागे आली आणि हळूच म्हणाली, “बाय, तुज्या बाईंचा काय तरी बिनसलाय.”

“काय झालं?”

“मना तीनदा इचारला, तुमाला मुली किती म्हनून. मी सांगतंय, त्या हसतात, परत इचारतात. आनि तू आत आली तं बोलल्या, ही कोन?”

“दमल्या असतील गं. ऊन लागलं असेल.”

“ऊन न्हाय हाय ता,” आई म्हणाली. तिने बाईंसाठी ताकाचा पेला भरला आणि स्वतः नेऊन दिला.

मी ते मनावर घेतलं नाही. घेण्यासारखं दुसरं काही दिसतही नव्हतं. कॉलेजात बाईंचे तास नेहमीसारखे चालू होते. वर्षानुवर्षं तेच शिकवलेलं, झोपेतही म्हणता येईल असं. मुलांना काही जाणवलं नाही, आम्हा सहकाऱ्यांना नाही. एखादं नाव आठवलं नाही तर ते कुणाच्या लक्षात राहतं? चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे आमच्या स्टाफरूममध्ये चार जण होते. आणि कशेलीला गेलो तेव्हा तर मीच चुकले. गोदामाला लागून गोदाम, निळ्या पत्र्याची सारखी छपरं, सारख्या भिंती, सारखी फाटकं, आणि मधल्या रस्त्यांवर ट्रेलर उभे. बाई एका वळणावर थांबल्या आणि छत्री न उचलता बराच वेळ उभ्या राहिल्या. मीही उभी राहिले. आम्ही दोघीही तेव्हा एकाच कारणाने वाट चुकलो आहोत, असं मला वाटत होतं.

मग लिहायला बसलो. आमचं लिहिणं बाईंच्या घरी चालायचं, दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या बाहेरच्या खोलीत. खालच्या गल्लीत कापडाच्या लूमचे कारखाने. तो खटखटाट त्या घरात दिवसभर भरलेला असे, इतका की त्या गल्लीतली माणसं जन्मजात मोठ्याने बोलतात. प्रधान काका, बाईंचे यजमान, कोर्टातल्या नोकरीतून निवृत्त झालेले, अतिशय मितभाषी गृहस्थ. चहा करून आणून ठेवायचे आणि आत जायचे. त्या दिवशी मात्र चहा ठेवून ते दाराशी रेंगाळले.

बाई सांगत होत्या, “भरावामुळे नैसर्गिक उतार खंडित होऊन पाण्याच्या जुन्या वाटा बंद झाल्या.” मी टाइप केलं. “पुढे?” बाई खिडकीबाहेर बघत थोडा विचार करून म्हणाल्या, “भरावामुळे नैसर्गिक उतार खंडित होऊन पाण्याच्या जुन्या वाटा बंद झाल्या.”

“ते झालं, बाई. पुढचं.”

“हो हो. लिही. भरावामुळे…”

आवाज तोच, शब्द तेच, थांबण्याची जागाही तीच. मी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर नवं वाक्य सुचल्याचा आनंद होता. दाराशी काका उभे होते. ते माझ्याकडे बघत होते, आणि मी बघितल्यावर त्यांनी नजर वळवली. मी म्हटलं, “छान आहे, बाई. घेतलं.” आणि टाइप केल्यासारखी बोटं हलवली. खालच्या लूमचा खटखटाट त्या क्षणी मला बरा वाटला. खोलीत अगदी शांतता असती तर मला काहीतरी बोलावं लागलं असतं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी दुपारी मला बाईंच्या नंबरवरून फोन आला. आवाज पुरुषाचा. “आप वनिता जी बोल रही हैं? इधर कशेली में एक मैडम बैठी हैं हमारे केबिन में. रास्ता भूल गई हैं शायद. फोन में आप ही का नाम दिखाया इन्होंने.”

मी स्कूटर काढली. कशेलीच्या रस्त्यावर नेहमीची कोंडी. ट्रेलरच्या चाकांमधून, धुळीतून, शिव्या खात मी कशी पोचले ते मला आठवत नाही. एका गोदामाच्या फाटकाशी पत्र्याची केबिन होती. तिथे एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बाई बसल्या होत्या. साडीचा काठ धुळीने तपकिरी झालेला, हातात पाण्याची बाटली. तो म्हातारा वॉचमन बाहेर उभा होता, बाईंना सावली पुरावी म्हणून केबिन त्यांना देऊन. “बहुत देर से इधर-उधर घूम रही थीं,” तो मला म्हणाला. “हर गाड़ीवाले को रोक के पूछ रही थीं, पानी किधर जाता है. लोग हँस रहे थे, तो हम अंदर ले आए.”

बाईंनी मला ओळखलं. उठून उभ्या राहिल्या. “इथे उघाडी होती, वनिता. बांधातलं दार, खाडीचं पाणी आत घ्यायचं, बाहेर सोडायचं. मी स्वतः बघितलेली. ती कुठल्या भिंतीमागे गेली ते बघायला आले होते. मग परत जायचा रस्ता…”

“बाई, इथे कुणीही हरवेल. मागे मीसुद्धा चुकले नव्हते का?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, पण मला समोर उभं राहवेना. “तू चुकलीस, मग विचारून पुढे गेलीस,” त्या म्हणाल्या. “मला कुठे जायचंय तेच विचारता येईना. माझं घर कुठल्या दिशेला, हे मला कळेना, वनिता. मला. दिशा.”

मी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं. त्यांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला होता. कोंडीत थांबलो की तो हात घट्ट होई, चालू लागलो की सैल.

काकांनी मला जिन्यात गाठलं. “गेल्या वर्षीपासून चाललंय,” ते म्हणाले. “डॉक्टरांनी आजाराचं नावही सांगितलंय. तिला माहितीये. निवृत्त होईपर्यंत कॉलेजात कळू द्यायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं. गॅस मी बंद करतो, किल्ली माझ्याकडे असते. आज जरा डोळा लागला माझा, तेवढ्यात गेली.” ते पायरीवर बसले. कोर्टात आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं ऐकून घेतलेला तो माणूस, आवाज न करता रडायला लागला. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. वर-खाली जाणारे शेजारी आमच्याकडे बघत, बाजूने वाट काढून जात होते.

शेवटची तारीख जवळ आली होती. मी परिषदेचा विषयच काढणार नव्हते. बाईंनीच बोलावून घेतलं. त्या दिवशी त्या अगदी स्वच्छ होत्या, दिघाशीच्या ओढ्याकाठी होत्या तशा. म्हणाल्या, “सारांश जाऊ दे. पण माझं नाव काढून टाक.”

“का?”

“तिथे कुणी विचारलं, मॅडम, ही उघाडी कुठल्या गावची, आणि मला गावच आठवलं नाही तर?”

“मी देईन उत्तर.”

“मग निबंध तुझाच की.”

मला राग आला. बाईंवर मी आयुष्यात एकदाच चिडले, ते त्या दुपारी. “बाई, या पाण्याच्या काठाने मला चालवलं कुणी? नाव काढा काय म्हणता? तुमचं नाव नसेल तर मी हे पाठवतच नाही.”

“हे उपकार फेडायचं काम नाही, वनिता. ज्याचं नाव, त्याने उत्तर द्यायचं. हा नियम मीच तुला शिकवलाय. आता माझ्यासाठी मोडू नकोस.”

तेवढ्यात आतून काका बाहेर आले. आमच्या कामात ते कधी एक शब्द बोलत नसत. हातातलं फडकं तसंच धरून म्हणाले, “शालू, आज तुला उघाडी कुठली ते माहितीये ना?”

“कशेलीची.”

“भराव कधी पडला, कुणाच्या शेतावर पडला, सगळं सांगता येतंय ना आज?”

“येतंय.”

“मग आज नाव घाल. उद्याचं उद्या मी बघेन.”

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “माझं दुसरं घाल. पहिलं तुझं, सादर करणारी तू. आण इकडे, वाचून दाखव.”

आणि त्या दुपारी त्यांनी तो सारांश असा तपासला की मी विद्यार्थिनी असताना तरी काय तपासला असेल. “‘झपाट्याने’ काढ. किती झपाट्याने, ते मोजलंस का? ‘दुर्दैवाने’ काढ. ‘स्थानिकांच्या मते’ लिहिलंयस, कोणते स्थानिक? शेत विकलेले की न विकलेले? दोघांचं पाणी वेगळं बोलतं.” मी खोडत गेले. खोडता खोडता माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं आणि मी ते त्यांना दिसू देत नव्हते. असं डोकं, आणि ते असं आतून विझत चाललेलं. माणूस गेलं की रडता तरी येतं. इथे माणूस समोर बसून माझी क्रियापदं सुधारत होतं.

लिंक उघडली. दोघींची नावं भरली, बीजशब्द भरले, फाइल चढवली. मधेच नेट अडकलं, गोल गोल फिरत राहिलं. काका खुर्चीमागे उभे राहून श्वास धरल्यासारखे बघत होते. मग पडद्यावर आभाराचं एक वाक्य आलं.

“गेलं?” बाईंनी विचारलं.

“गेलं, बाई.”

त्यांनी टाळी वाजवली. काकांनी साखर आणून हातावर ठेवली. आम्ही जरा इकडचं तिकडचं बोललो. मग बाई पदर सावरत म्हणाल्या, “अगं, तो सारांश पाठवायचा होता ना? गेला का?”

“गेला, बाई.”

त्यांनी पुन्हा टाळी वाजवली. मी घरी निघेपर्यंत त्यांनी ते पुन्हा पुन्हा विचारलं. दर वेळी मी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगितलं, आणि दर वेळी त्यांना तितकाच आनंद झाला. जिना उतरताना माझ्या मनात आलं की हाही एक हिशेबच म्हणायचा. आम्हाला एक गोष्ट एकदाच मिळते, त्यांना ती कितीतरी वेळा मिळाली. पण हे समाधान खालच्या पायरीपर्यंतही टिकलं नाही.

सारांश स्वीकारला गेला. बाई येऊ शकल्या नाहीत. डॉक्टरांनी प्रवासाला नको म्हटलं होतं. मी एकटीने निबंध वाचला. सभागृह अर्धंच भरलं होतं, जेवणाआधीचं सत्र, लोक चुळबुळत होते. एकदोन प्रश्न आले, मी उत्तरं दिली. सत्र संपल्यावर जुन्या ओळखीच्या एक प्राध्यापिका जवळ येऊन म्हणाल्या, “शालिनीताई नाही आल्या? त्यांच्याशी भांडायला मिळेल म्हणून मुद्दाम आले होते मी.” मी म्हटलं, तब्येत बरी नाही. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी नक्की आणा.

संध्याकाळी मी बाईंना फोन केला. “कसा झाला निबंध?” त्यांनी विचारलं. त्यांना आठवत होतं! मी भडाभडा सांगत सुटले. मग मी जरा थांबले, आणि त्या शांततेत मला फोनमधून काकांचा दबका आवाज ऐकू आला, “विचार, प्रश्न कुणी विचारले का.” आणि पाठोपाठ बाईंचा आवाज, “प्रश्न कुणी विचारले का?” पुन्हा कुजबुज. “विचार, तू नाही आलीस म्हणून लोक काय म्हणाले.” बाई गोंधळल्या. “कोण नाही आलं?” त्या काकांना विचारत होत्या. मी विद्यापीठाच्या आवारात एका कडुलिंबाखाली उभी होते. थंडी पडायला लागली होती. मी म्हटलं, “बाई, सगळे तुमची आठवण काढत होते,” आणि फोन ठेवला.

एप्रिलात निरोपसमारंभ झाला. बाईंनी छोटंसं भाषण केलं, चांगलं केलं. काकांनी ते त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं, हे फक्त मला ठाऊक. त्यानंतर मग एकेक करून सगळं गेलं, कधी आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. आधी वार गेले, मग गल्ल्या, मग सहकाऱ्यांची नावं, मग माझं. काकांना त्या अजून ओळखतात. नवरा म्हणून नव्हे. घरात असणारं, चहा देणारं, विश्वासाचं कुणीतरी म्हणून. काका म्हणतात, “चालेल. तेवढं पुरे.” पावसाळ्यात कशेलीच्या रस्त्यावर दर वर्षी गुडघाभर पाणी साचतं, गाड्या बंद पडतात, लोक पालिकेला शिव्या देतात. मी त्या पाण्यातून जाते तेव्हा मला ते पाणी कुठून आलं आणि त्याला कुठे जायचं होतं ते माहीत असतं. ते कळूनही करता येण्यासारखं काही नसतं.

आज दुपारी तास संपल्यावर मी त्यांच्याकडे गेले. खाली लूम चालू होते. बाई खिडकीशी खुर्चीत होत्या, धुतलेली साडी, विंचरलेले केस. काकांनीच विंचरले असणार. मी समोर बसले. त्यांनी घरी आलेल्या पाहुण्याला द्यावं तसं अदबीचं हसू दिलं. मी यंदाच्या सारांशात काय लिहायचं योजलंय ते त्यांना सांगू लागले. कोनला उरलेल्या शेतांचं पाणी, नव्या रस्त्याखालच्या मोऱ्या, कुठे तुंबतं, कुठे जिरतं. सांगता सांगता मी ‘झपाट्याने’ म्हणाले, थांबले, आणि तो शब्द गाळून वाक्य पुन्हा म्हटलं. त्यांना त्यातलं काही उमगलं असेल असं मी म्हणणार नाही. उमगलं नाही. पण त्या मान पुढे करून नीट ऐकत होत्या, मधे बोलत नव्हत्या. आयुष्यभर वर्गात बोललेली ती बाई, इतकी चांगली ऐकणारी निघाली.

माझं सांगून झालं. त्या म्हणाल्या, “छान समजावून सांगता हो तुम्ही.”

मला त्यांनी कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

“कुठे शिकलात हे?”

“इथेच. भिवंडीत. आमच्या बाईंनी शिकवलं.”

“असं होय. चांगल्या होत्या का हो?”

“आहेत,” मी म्हटलं.

त्यांना बरं वाटलं. त्यांनी मान डोलावली, हात जोडले आणि म्हणाल्या, “भेटल्या की त्यांना माझा नमस्कार सांगा.”

“सांगते, बाई,” मी म्हटलं.